कामाच्या ठिकाणी नीट ऐकायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कार्यशाळा संपल्यावर दाराशी थांबून, मेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हापुन्हा येतात. विचारणाऱ्यांत टूलरूमचे सुपरवायझर आहेत, बँकेच्या शाखेतले अधिकारी आहेत, आयटीतले टीम लीड आणि वॉर्डातल्या सिस्टरही आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सोपे आधी, पेचातले नंतर. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मी मध्ये बोलत नाही, मानही डोलावतो. तरी लोक म्हणतात, तुझं लक्ष नसतं. आता आणखी काय करू?

मान डोलावलेली दिसते, पण तुमच्या डोक्यात काय पोचलं ते दिसत नाही. ते समोरच्याला तुमच्या पुढच्या वाक्यावरून कळतं. समजा सहकारी म्हणाली, "क्लायंटने तारीख अलीकडे घेतली, आणि मला हे कँटीनमध्ये कळलं." यावर "बरं, मग आता प्लॅन काय?" असं विचारलंत, तर तुम्ही तारीख तेवढी ऐकली. तिला बोचलेली गोष्ट वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात होती. "कँटीनमध्ये? म्हणजे तुला कुणी मेलसुद्धा केला नाही?" एवढं विचारलं तरी ती पुढचं आपणहून सांगेल, आणि प्लॅनही त्यातच निघेल.

प्रशिक्षणांत ज्याला सक्रिय श्रवण म्हणतात, तो शब्द अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ साली शिकागोत रूढ केला. त्यांचा आग्रह असा होता की ही युक्ती म्हणून वापरली तर चालत नाही, समोरच्याचं म्हणणं समजून घ्यायची खरी इच्छा लागते. आपल्याकडच्या स्लाइड्समध्ये नेमकं हेच गळतं आणि डोळ्यांत बघा, पुढे झुका, मान हलवा एवढंच उरतं.

स्वतःला तपासायचं असेल तर बोलणं संपल्यावर विचारा: हिचं म्हणणं मी तिसऱ्या कुणाला सांगितलं, तर ते ऐकून ही "हो, हेच म्हणत होते मी" म्हणेल का?

२. दोन मिनिटांत माझं लक्ष भरकटतं. वय झालं की मोबाइलने वाट लावली?

मोबाइल नव्हता तेव्हाही हेच होत होतं. मिनेसोटा विद्यापीठातल्या राल्फ निकोल्स यांनी १९५०च्या दशकात याचा अभ्यास केला. अमेरिकेत माणूस मिनिटाला सरासरी १२५ शब्द बोलतो आणि मेंदू त्याहून पुष्कळ वेगाने चालतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. मधला मोकळा वेळ मन कुठेतरी घालवणारच. त्यांच्या चाचण्यांत, भाषण संपल्याबरोबर लोकांना ऐकलेल्यातलं जेमतेम अर्धं आठवत होतं आणि दोन महिन्यांनी साधारण पाव.

म्हणून मनाला दामटून बसवण्याच्या भानगडीत पडू नका. त्या फावल्या वेळाला त्याच विषयातलं काम द्या. हा माणूस कुठे निघालाय? हे त्याने स्वतः पाहिलंय की कुणाकडून ऐकलंय? आणि कुठली गोष्ट तो टाळतोय? तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. प्रोजेक्टच्या आढाव्यात वीस मिनिटं खर्चाबद्दल बोलणारा माणूस चाचणीच्या निकालाबद्दल अवाक्षर काढत नसेल, तर तिकडे कान टवकारायचे.

मोबाइल मात्र टेबलावरून काढाच. पालथा ठेवून भागत नाही. तो थरथरला की बोलणाऱ्याचीही नजर तिकडे जाते.

३. नोट्स घ्याव्यात की समोर बघावं?

आकडे, तारखा, नावं आणि "हे मी करतो" असं कोण म्हणालं, एवढंच लिहा. बाकीच्या वेळी समोर बघा. लॅपटॉपवर टाइप करणार असाल तर आधी सांगा, "तुमचेच मुद्दे लिहून घेतोय." नाहीतर समोरच्याला वाटतं, साहेब मेल उरकतायत. माणूस दुखावून बोलत असेल तेव्हा पेन खाली ठेवा.

४. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की..." हे वाक्य मला पोपटपंची वाटतं. ते बोलायलाच हवं का?

तेच शब्द परत केले तर पोपटपंचीच होते, आणि ऐकणाऱ्याला चीडही येते. तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा, आणि शक्य असेल तिथे त्याचा परिणाम जोडून सांगा. "व्हेंडरने उशीर केलाय" याला "अच्छा, व्हेंडरने उशीर केलाय" हे उत्तर नव्हे. "म्हणजे मंगळवारचं डिस्पॅच गेलं का?" हे उत्तर आहे. तुमचं समजणं चुकलं असेल तर तो लगेच म्हणेल, "नाही नाही, मंगळवारचा माल आहे हातात, पुढच्या आठवड्याचा घोळ आहे." ही दुरुस्ती मिळावी म्हणूनच तर परत सांगायचं.

वैमानिक आणि नियंत्रक हे दिवसभर करतात आणि त्यांना ते हास्यास्पद वाटत नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोडिओस विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यांतल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या सहवैमानिकाने रेडिओवर जे सांगितलं, त्याचा अर्थ "उड्डाणाच्या जागी उभे आहोत" असाही होत होता आणि "उड्डाण करतोय" असाही. नियंत्रक "ओके" म्हणाला, आणि थांबून राहा असं पुढे सांगू लागला. त्याच क्षणी दुसऱ्या, म्हणजे पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीच्या विमानानेही बोलायला सुरुवात केल्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टीच ऐकू आली. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून बाहेर गेलेलं नाही का, असं त्याने विचारलंसुद्धा. कॅप्टनने ठासून उत्तर दिलं, गेलंय. कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ माणूस होता. विषय तिथेच मिटला.

त्यानंतर नियम कडक झाले. "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, महत्त्वाची सूचना नुसत्या "ओके"वर सोडायची नाही, ती परत म्हणून दाखवायची. कॉकपिटमध्ये कनिष्ठाची शंका ज्येष्ठाने कशी ऐकायची याचं रीतसर प्रशिक्षणही सुरू झालं. फोनवर औषधाचा डोस सांगितला की सिस्टरने तो लिहून, वाचून दाखवायचा ही पद्धत त्याच जातीची. तुमच्या ऑफिसात रोज जीव जात नाहीत हे मान्य. पण रक्कम, तारीख, माणूस आणि जागा या चार गोष्टी परत म्हणून दाखवायला लाजू नका.

५. माझ्या टीममध्ये सगळे "होऊन जाईल सर" म्हणतात आणि शुक्रवारी काहीच झालेलं नसतं. मी नीट ऐकूनही फसतो. चूक कुणाची?

आलेल्या प्रश्नांत हा पहिल्या नंबरचा आहे. भोसरी-चाकणच्या शेडपासून हिंजवडीच्या काचेच्या इमारतींपर्यंत तो सारखाच येतो.

"होऊन जाईल" हे वाक्य कामाबद्दल कमी आणि तुमच्याबद्दल जास्त सांगतं. त्यात आदर असतो, तुमच्यासमोर नाही म्हणायचं नसतं, आणि वेळ निभावून न्यायची असते. "बघतो", "करू की", "टेन्शन घेऊ नका" ही त्याचीच भावंडं. खोटं बोलायचा हेतू क्वचित असतो. तुमचा प्रश्नच असा असतो की त्याला "हो" सोडून सभ्य उत्तर नसतं. एका टूलरूममधलं बोलणं बघा. काम आहे फिक्सचरचं, म्हणजे जॉब पक्का धरून ठेवणाऱ्या चौकटीचं, आणि त्याची प्लेट बाहेरच्या वायर-कट मशीनवर कापून यायची आहे.

"काका, शुक्रवारपर्यंत फिक्सचर होईल ना?"
"होऊन जाईल साहेब."

आता तेच काम, तीच माणसं, फक्त प्रश्न वेगळा:

"काका, शुक्रवार गाठायचा तर कशाकशावर अडू शकतं?"
"तसं काही नाही. वायर-कटवाला उद्या प्लेट देतो म्हणालाय."
"देईल?"
"देईल... म्हणजे त्याचं मशीन कालपासून बंद आहे म्हणतात."

पहिल्या बोलण्यात सुपरवायझर शांतपणे ऐकत होता, तरी त्याच्या हाती काही लागलं नाही. दुसऱ्यात त्याने काकांना नाही म्हणायला न लावता अडचण सांगायची वाट करून दिली. "होईल ना?" ऐवजी "आधी काय लागेल?", "कुठवर आलंय, दाखवता?", "शुक्रवारऐवजी कुठला दिवस धरला तर तुम्ही निवांत असाल?" असे प्रश्न ठेवा.

आणि मग खरी परीक्षा. काकांनी बंद मशीनबद्दल सांगितल्यावर तुम्ही "हे आत्ता सांगताय?" असं खेकसलात, तर पुढच्या वेळेपासून तुम्हाला फक्त "होऊन जाईल" मिळेल. वाईट बातमी आणणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत काय वागणूक मिळते, यावर तुमचे पुढचे सहा महिने ठरतात, असं माझं मत आहे.

६. समोरचा गप्प झाला की मला अस्वस्थ होतं आणि मीच काहीतरी बोलून टाकतो. काय करावं?

अस्वस्थ होणं साहजिक आहे. जगातल्या दहा भाषांमधल्या बोलण्याचा एक अभ्यास २००९ साली झाला. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने सुरू करायचं, यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं भरलं. म्हणजे समोरचा संपवायच्या आधीच आपलं उत्तर जुळवून तयार होत असतं. अशा वेगाची सवय असलेल्या कानाला दोन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते.

अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधून हे मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. त्यांना तीन सेकंद थांबायला शिकवल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

वन-टू-वनमध्ये, म्हणजे दोघांच्याच भेटीत, "आणखी काही?" विचारल्यावर मनात सावकाश तीन म्हणा. पाण्याचा घोट घ्या हवं तर. "नाही, तसं काही नाही" यानंतरच्या तिसऱ्या सेकंदाला पुष्कळदा खरा विषय निघतो. फक्त याचा अतिरेक नको. टक लावून दहा सेकंद गप्प बसणारा साहेब पोलीस चौकीची आठवण करून देतो.

७. मला मधे बोलायची सवय आहे, पण उत्साहाने बोलते, तोडायला नाही. तेही वाईटच का?

सरसकट नाही. भाषाअभ्यासक डेबोरा टॅनन यांनी दाखवलंय की काही लोकांत एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं ही सोबत करण्याची रीत असते. आपल्याकडे चार मैत्रिणी बोलायला बसल्या की "हो ना!", "अगं मग?", "तेच तर!" हे सतत चालतं, आणि ते थांबलं तर बोलणारीलाच चुकल्यासारखं वाटतं.

खूण एकच: तुम्ही मधे बोलल्यावर विषय तिचाच राहिला की तुमचा झाला? "अगं मग?" ने तिची गोष्ट पुढे सरकते. "माझ्या बाबतीत तर..." ने तिची गोष्ट संपते. शिवाय टीममधला नवा, ज्युनिअर किंवा मुळात हळू बोलणारा माणूस मधल्या उत्साही शब्दालाही "थांब" असंच समजतो. त्याच्याशी बोलताना प्रश्न ६ मधले तीन सेकंद वापरा.

८. संवादाचा ९३ टक्के भाग देहबोली आणि सूर असतो म्हणतात. मग शब्द ऐकून उपयोग काय?

हा आकडा प्रत्येक ट्रेनिंगमध्ये भेटतो आणि तो अशा अर्थाने चुकीचाच आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या दोन छोट्या प्रयोगांतून तो आला. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नावडतो हे लोक कशावरून ठरवतात ते त्यांनी पाहिलं. त्यातून शब्दांना ७, सुराला ३८ आणि चेहऱ्याला ५५ टक्के ही विभागणी निघाली. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला ती लागू नाही, हे खुद्द मेहराबियन सांगत आले. जीएसटीचा दर ९३ टक्के हावभावांतून कळत असता तर बघायला नको.

त्यातलं घेण्यासारखं एवढंच: शब्द एक सांगतात आणि सूर दुसरं, असं वाटलं तर स्वतः निष्कर्ष काढू नका, विचारा. "चालेल म्हणालात, पण जरा नाखूश वाटलात. काही राहिलंय का?" हाताची घडी म्हणजे विरोध असं धरून चालू नका. एसीची थंडीही असू शकते.

९. ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलतात, नाहीतर कुणीच बोलत नाही. तिथे ऐकायचं कसं?

दोष थोडा माणसांचा, थोडा तारांचा. प्रश्न ६ मध्ये सांगितलेलं अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाचं, आणि इंटरनेटवरून आवाज पोचायला तेवढाच उशीर सहज होतो. त्यामुळे समोरचा थांबलाय असं वाटून आपण सुरू करतो तोवर त्याचं पुढचं वाक्य येऊन थडकतं. "बोला बोला", "नाही, तुम्ही बोला" हे त्यातूनच.

शिवाय सगळे म्यूटवर असल्यामुळे "हं" कुठूनच येत नाही. गोष्ट ऐकतानासुद्धा हुंकार द्यायची आपल्याकडची रीत. तो नसला की बोलणारा विहिरीत बोलल्यासारखा बोलत सुटतो, किंवा घाईने आटपतो. चार-पाच जणांची मीटिंग असेल आणि घरात कुकरच्या शिट्ट्या होत नसतील, तर माइक चालू ठेवा. मोठ्या मीटिंगमध्ये नाव घेऊन विचारा, आणि नाव आधी घ्या: "सिद्धी, टेस्टिंगचं तुझं मत?" नाव शेवटी आलं तर सिद्धीने प्रश्न ऐकलेलाच नसतो.

१०. साहेबच ऐकत नाहीत. मी बोलतो आणि ते टाइप करत "हं, बोला" म्हणतात.

बोलणं थांबवा. रागाने नको, सहज. "सर, तुमचं होऊ द्या. मला तीन मिनिटं लागतील, आत्ता की चार वाजता?" बहुतेक साहेब एक तर लॅपटॉप मिटतात किंवा वेळ देतात. मग पार्श्वभूमीपासून सुरुवात करू नका. काय हवंय ते पहिल्या वाक्यात सांगा: परवानगी, पैसे, माणूस की नुसती माहिती द्यायचीय. नंतर दोन ओळींचा मेल टाका. साहेबांचा स्वभाव बदलायची योजना मात्र यात नाही.

११. एक सहकारी रोज तेच रडगाणं गातो. ऐकलं नाही तर निष्ठुर वाटतं, ऐकलं तर माझं काम बुडतं.

आधी इथे एक जुना किस्सा सांगायलाच हवा. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ पासून दोनेक वर्षांत सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला छापील प्रश्न होते. कामगार विषय सोडून बोलतात म्हणून शेवटी प्रश्नच बाजूला ठेवले आणि त्यांना हवं ते बोलू दिलं. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासाच्या आसपास गेली. एका कामगार बाईंनी कँटीनच्या जेवणाबद्दल पोटतिडकीने तक्रार केली. काही दिवसांनी मुलाखत घेणारा भेटला तेव्हा त्यांनी जेवण सुधारल्याबद्दल त्याचे आभार मानले. प्रत्यक्षात जेवणात काहीही बदललेलं नव्हतं.

हा किस्सा ट्रेनिंगवाले "बघा, ऐकण्याची ताकद" म्हणून सांगतात. मला तो थोडा भीतीदायक वाटतो. भाजी तीच आणि तक्रार गायब, हे व्यवस्थापनाला फारच सोयीचं आहे. मॅनेजर असाल तर ऐकून घेतल्यावर जेवणाचं काय झालं, हा प्रश्न तुमच्याकडे उरतो.

सहकाऱ्याच्या बाबतीत मात्र जेवण सुधारणं तुमच्या हातात नसतं. पहिल्यांदा पूर्ण ऐका. दुसऱ्यांदा विचारा, "तुला माझ्याशी नुसतं बोलायचंय की काहीतरी ठरवायचंय?" बोलायचं असेल तर वेळ सांगून ऐका: "चहाला भेटू, पंधरा मिनिटं." ठरवायचं असेल तर एकच पाऊल ठरवा, आणि पुढच्या वेळी तक्रारीच्या आधी त्याचंच विचारा, "मग बोललास का मॅडमशी?" सहसा इथून पुढे फेऱ्या आपोआप कमी होतात. रडगाण्यात छळाची किंवा जिवावरची गोष्ट असेल तर प्रश्न १५ आणि १६ वाचा. तिथे हा हिशोब चालत नाही.

१२. मी शांतपणे ऐकून घेतलं की लोक धरून चालतात की मी कबूल केलं. युनियनशी बोलताना तर फारच. मग ऐकूच नये का?

ऐका, पण तुमच्या हातात काय आहे ते सुरुवातीलाच सांगा. "ओव्हरटाइमचा दर मी ठरवत नाही. तुमचा मुद्दा आणि त्यामागची कारणं नीट लिहून वर पोचवणं माझ्याकडे. बुधवारी काय उत्तर आलं ते येऊन सांगेन, नकार असला तरी." शेवटचे तीन शब्द गाळू नका. परत सांगताना कर्ता त्यांनाच ठेवा: "तुमचं म्हणणं असं, की..." प्रश्न ४ मधली पद्धत इथे दोघांनाही वाचवते. बैठक संपायच्या आत कशावर एकमत झालं आणि कशावर नाही, हे मोठ्याने वाचून दाखवा.

१३. टीममध्ये कुणी तमिळ, कुणी बिहारचा, क्लायंट जर्मन. अर्धं कळत नाही आणि पुन्हापुन्हा विचारायची लाज वाटते.

लाज सोडा. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर आकाशात दोन विमानांची टक्कर झाली, ३४९ जण गेले. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायचं होतं, सौदी विमान १४ हजारांवर होतं, आणि कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं. त्या विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. चौकशीत कर्मचाऱ्यांच्या तोकड्या इंग्रजीवरही बोट ठेवलं गेलं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी इंग्रजीची किमान पातळी ठरवणारे नियम २००३ साली आले, आणि ते ठरवताना या अपघाताचा दाखला दिला गेला.

"पुन्हा सांगा" म्हटलं की माणूस तेच वाक्य तितक्याच वेगाने, फक्त मोठ्याने म्हणतो. त्याऐवजी कळलेला भाग सांगा आणि न कळलेल्यावर बोट ठेवा: "सोळा तारीख कळली. कुठल्या बॅचबद्दल म्हणालात?" आकडे चॅटवर लिहून मागवा. आणि मराठी मंडळींनी परप्रांतीय सहकाऱ्यासमोर मीटिंगच्या मधेच मराठीत शिरायचं टाळावं. तो तेवढा वेळ ऐकणं सोडून देतो आणि पुन्हा धागा पकडत नाही.

१४. मला खरोखरच कमी ऐकू येतं. ऑफिसात सांगावं का?

आधी तपासणी. प्रेस शॉप किंवा लूमवर वर्षं काढलेल्यांनी तर नक्कीच, कारण आवाजाने होणारा बहिरेपणा सावकाश येतो. सुरुवातीला बारीक, उंच आवाज जातात, म्हणून बोलणं "ऐकू येतं पण कळत नाही" असं होतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हेच काम करते. सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागातही तपासणी होते.

दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास म्हणजे कमी ऐकू येणं, आणि ७० म्हणजे बहिरेपण. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करणं त्याच कायद्यात आहे. प्रमाणपत्रापर्यंत जायचं नसेल तरी टीमला सांगा. नाहीतर लोक "मुद्दाम दुर्लक्ष करतो" असं समजून बसतात. सांगताना काय हवं तेही सांगा: समोरून बोला, तोंडावर हात नको, ओरडू नका, मीटिंगचे मुद्दे लेखी द्या. खिडकीला पाठ करून बसा, म्हणजे उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडतो.

१५. एका ज्युनिअरने "कुणाला सांगू नका" म्हणत सीनिअरने केलेल्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं. मी शब्द दिला. आता?

असा शब्द ऐकायच्या आधी देऊ नका. "आधी बोल. तुला न विचारता मी काही करणार नाही, पण काय करता येईल ते नक्की सांगेन," एवढंच म्हणा. दिला असेल तर आत्ता तिला हेच स्पष्ट करा.

ऐकताना चौकशी अधिकारी होऊ नका. "तू तिथे का गेलीस?", "साक्षीदार आहे का?", "तो तसा नाही गं" ही तीन वाक्यं गिळा. तिच्याच वेगाने, तिच्याच शब्दांत ऐका. मग माहिती द्या. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं काम. नावं आणि तपशील उघड करायला कायद्याने बंदी आहे, म्हणजे तुम्हीही जेवणाच्या टेबलावर त्याची चर्चा करायची नाही. तिला तारखा आणि मेसेज जपून ठेवायला सांगा.

तुम्ही तिचे मॅनेजर असाल तर "मला माहीत आहे, पण गप्प आहे" ही जागा फार काळ टिकत नाही. नाव न सांगता समितीतल्या सदस्याचा सल्ला घ्या, आणि घेणार आहात हे तिला आधी सांगा.

१६. सहकारी म्हणाला, "आता जगण्यातच अर्थ वाटत नाही." मी "असं बोलू नये रे" म्हटलं. बरोबर केलं का?

हेतू चांगला, पण त्या वाक्याने त्याचं बोलणं बंद होतं. सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते ही भीती निराधार आहे. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि घरच्यांना किंवा जवळच्या माणसाला कळवा. इथे गुप्ततेचा शब्द मोडायचाच असतो. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. फोन त्याच्या शेजारी बसून लावा.

१७. ऐकून न घेणंच बरोबर, अशी वेळ असते का?

असते. कुणी तिसऱ्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलायला आला तर "हे त्याच्यासमोर बोलू या" म्हणून थांबवा. निर्णय झालाय, अपीलही झालंय आणि चौथ्यांदा तेच ऐकवलं जातंय, तर "नवीन काही असेल तर सांगा" म्हणा.

आणि धोका समोर असेल तेव्हा. गॅसचा वास आला, मशीनच्या पट्ट्यात हात अडकला, क्रेनवरचं लोड डुलायला लागलं, की कुणाचं म्हणणं समजून घेत बसायचं नाही. क्रेनच्या कामात इशारे एकाच नेमलेल्या माणसाचे मानायचे असतात, पण "थांब" हा इशारा कुणीही दिला, अगदी झाडू मारणाऱ्या मावशींनीही, तरी ऑपरेटरने थांबायचं. का थांबवलं ते लोड खाली टेकल्यावर विचारायचं. तेव्हा मावशींचं पूर्ण ऐकायचं, आणि काही नव्हतं असं निघालं तरी त्यांच्यावर चिडायचं नाही.